मला माहीत नव्हतं!

२०२४ सालच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. माझ्या भाच्याने आपल्या वसईतच एक जुना बंगला विकत घेतला होता. भाचा बोटीवर नोकरीला, वर्षातले सात-आठ महिने घराबाहेर. घरी सून आणि दोन लहान मुले. जवळच्याच आळीत एका बंद घराची कडी तोडून चोरी झाली आणि सुनेची झोप उडाली. भाच्याने बोटीवरून फोन करून सांगितले, "घराला बर्गलर अलार्म बसवून घे. आणि मामांना बोलाव, त्यांना तारांमधलं कळतं."

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला केबल जॉइंटर. आयुष्य मुंबईच्या फुटपाथखाली तारा जोडण्यात गेले. त्यामुळे नातेवाइकांत कोणाच्या घरी पंखा अडला तरी मला बोलावणे येते. त्या सकाळीही मी गेलो.

अलार्म बसवणारा मुलगा वेळेवर आला होता. हुशार, कामसू पोरगा. त्याने सामान मांडले. मुख्य पॅनेल, बॅटरी, हूटर, दारा-खिडक्यांना लावायचे चुंबक, खोलीतली हालचाल ओळखणारे सेन्सर. पॅनेलसाठी जागा करायची म्हणून जिन्याखालचे कपाट सरकवले, तर मागे भिंतीत एक पांढरे प्लास्टिकचे झाकण दिसले. झाकण काढले आणि आतून बारीक तारांचा जुडगाच बाहेर आला. मोजल्या, तर नऊ केबली निघाल्या. कुणावर खूण नाही, चिठ्ठी नाही. कुठून आल्या, कुठे गेल्या, काही पत्ता नाही.

बंगला १९९६ च्या सुमारास बांधलेला. बांधणारा गृहस्थ आखाती देशात वायरिंगची कामे करून आलेला होता, एवढे शेजाऱ्यांनी सांगितले. तो आता हयात नाही. मुले परदेशी. भाच्याने घर घेतले तेव्हा चाव्या मिळाल्या, कागद मिळाले, पण भिंतीच्या पोटात काय आहे हे सांगणारे कोणी नव्हते.

अलार्मवाला म्हणाला, "काका, जुनं लफडं आहे हे. सगळं कापून टाकतो आणि वायरलेस बसवतो. दोन तासांत काम होईल." आणि त्याने पक्कड उचलली.

"थांब!" मी ओरडलोच. इतक्या मोठ्याने की सून स्वयंपाकघरातून धावत आली. त्या पोराला वाटले असेल की म्हातारा फार संतापी आहे. मी का ओरडलो हे मी त्याला नंतर सांगितले. तेच आज तुम्हांलाही सांगणार आहे. कारण प्रश्न फक्त तारांचा नाही. "मला माहीत नव्हतं" एवढे म्हटले की माणूस दोषमुक्त होतो का, हा तो प्रश्न आहे.

आईची घंटा

१९९८ साली माझ्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. त्यातून ते उठले. पण तेव्हापासून त्यांना एक काळजी लागली की रात्री-अपरात्री पुन्हा काही झाले तर हाक कोणाला ऐकू जाणार? मी नोकरीमुळे मुंबईला राहत होतो. धाकट्या भावाचे घर अंगणापलीकडे. मग वडिलांनी स्वतःच एक साधी घंटा बसवली. पलंगाशेजारी बटन, त्याची तार माळ्यावरून, अंगणावरून भावाच्या घरात, आणि तिथे त्याच्या उशाशी घंटा. घंटेला लागणारी वीज भावाच्या घरातून. वडिलांनी ही गोष्ट भावाला सांगितली. मला सांगायची राहून गेली. मी शनिवार-रविवारी येणारा पाहुणा!

२००३ साली वडील गेले. आई त्याच खोलीत, त्याच पलंगावर झोपत राहिली.

२००६ च्या मे महिन्यात घरात लग्न होते. जुन्या घराला रंग काढायचा ठरला. मी सुट्टी घेऊन आलो आणि उत्साहाने कामाला लागलो. माळ्यावर जुन्या तारांचे जाळे लोंबत होते. एवढी वर्षे तारांत काढलेला मी, मला ते बघवेना. एकेक तार पाहत गेलो. त्यात एक बारीक जोडतार होती. टेस्टर लावला, दिवा लागला नाही. मीटर लावला, काटा हलला नाही. म्हटले, मेलेली तार आहे. कापली. दोन्ही टोकांना सवयीने काळी टेप व्यवस्थित गुंडाळली आणि पुढच्या तारेकडे वळलो.

त्या काळी आपल्याकडे भारनियमन रोजचेच होते. मी माळ्यावर चढलो तेव्हा दुपारची वीज गेलेली होती. पंखा बंद, मी घामाघूम. म्हणजे वीज नाही हे मला माहीत होते! तरीही, वीज नसलेल्या वेळी तपासलेल्या तारेत वीज नाही म्हणून ती निरुपयोगी, असे मी ठरवून टाकले.

पुढच्याच महिन्यात, जूनच्या एका मुसळधार रात्री, आई पलंगाजवळ पाय घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. कशीबशी हात वर करून तिने बटन दाबले. त्या रात्री वीज होती. तार शाबूत असती तर घंटा वाजली असती. आईला इकडे घंटेचा आवाज कधीच ऐकू येत नसे. घंटा होती भावाच्या उशाशी. तिने पुन्हा दाबले. पुन्हा दाबले. पावसाच्या आवाजात हाका कोणाला ऐकू जाणार? सकाळी भावजय चहा घेऊन आली तेव्हा आई जमिनीवर गारठून पडली होती. रात्रीचे दोन ते सकाळचे साडेसहा. साडेचार तास.

इस्पितळात ती भावाला म्हणाली, "झोप लागली असंल रे तुला. असू दे."

हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. हाड जुळले, वॉकर धरून ती पुन्हा चालायलाही लागली. पण त्या साडेचार तासांत आईने काय मानले असेल? घंटा वाजते आहे, मुलगा ऐकतो आहे, आणि येत नाही, असेच तिला वाटले असणार. आणि तरीही पहिले शब्द उच्चारले ते त्याला माफ करणारे!

भाऊ म्हणाला, "आई, घंटा वाजलीच नाही." मग त्याने घंटा तपासली, बटन तपासले, तारेमागोमाग तो माळ्यावर गेला. तिथे त्याला दोन टोके सापडली, काळ्या टेपमध्ये नीट गुंडाळलेली. ती गुंडाळी कोणाची हे विचारायची त्याला गरज पडली नाही.

मी म्हणालो, "मला माहीत नव्हतं रे."

तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "मी अंगणातच होतो. विचारलं असतंस."

अज्ञान दोन प्रकारचे

खरोखरच मला माहीत नव्हते. मी खोटे बोललो नव्हतो. मुद्दाम कोणाचे वाईट करणे तर दूरच, मी घर चांगले करायला गेलो होतो. मग दोष कशाचा?

तेराव्या शतकात होऊन गेलेले संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: जे जाणून घेणे माणसाच्या आवाक्यातच नव्हते, त्या अज्ञानाबद्दल त्याला दोषी धरता येत नाही. परंतु जे जाणून घेणे त्याला शक्य होते आणि जे जाणून घेणे त्याचे कर्तव्यही होते, ते त्याने निष्काळजीपणाने जाणून घेतले नाही, तर ते अज्ञानच दोष ठरते. नीतिशास्त्रात यांना दूर न होऊ शकणारे अज्ञान आणि दूर करता येण्याजोगे अज्ञान असे ओळखतात.

मी स्वतःला कितीही सवलत दिली तरी माझे अज्ञान दुसऱ्या प्रकारचे होते. ते दूर करायला किती कष्ट लागले असते? माळ्यावरून एक हाक! भाऊ अंगणात मंडपवाल्याशी बोलत उभा होता. "ही तार कसली रे?" चार शब्द. मी ते विचारले नाहीत. कारण मी तारांतला जाणकार. जाणकाराने विचारायचे कसे?

यात आणखी एक खंत आहे. आमच्या टेलिफोन खात्यात एक सवय लावलेली असते. केबलमधली कोणतीही जोडी तोडण्यापूर्वी तिला टेस्ट हँडसेट लावून आधी कान द्यायचा की कोणी बोलत तर नाही ना? कोणाचा तातडीचा निरोप चालू असेल, कोणी डॉक्टरला बोलावत असेल. मुंबईत अनोळखी माणसांच्या तारांना मी वर्षानुवर्षे कान लावला. स्वतःच्या आईच्या तारेला लावला नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अज्ञान माझे होते, पण त्याची किंमत आईने दिली. बहुतेक वेळा असेच घडते. न विचारता कापणाऱ्याला इजा होत नाही. इजा होते ती तारेच्या दुसऱ्या टोकाला असलेल्याला. म्हणूनच "मला माहीत नव्हतं" हे वाक्य बोलणाऱ्याला जेवढे पुरेसे वाटते, तेवढे ते ऐकणाऱ्याला पुरेसे वाटत नाही.

नऊ तारांचा शोध

अलार्मवाल्या मुलाने हे सारे ऐकून घेतले. पक्कड खाली ठेवली. पण त्याचेही म्हणणे ऐकण्यासारखे होते. "काका, तुमचं पटतं. पण प्रत्येक घरात असं शोधत बसलो तर दिवसाला एकच घर होईल. मग पोट कसं भरायचं?"

हा आक्षेप खरा आहे. जगात प्रत्येक गोष्टीचा उगम शोधत बसलो तर कोणतेच काम पुढे सरकणार नाही. जुने काढावे लागते, कापावेही लागते. म्हणून मी त्याला म्हणालो की, कापण्यापूर्वी फक्त तीन प्रश्न विचारू. पहिला, विचारायला कोणी आहे का? दुसरा, कापल्यावर पुन्हा जोडता येईल का? तिसरा, चूक झाली तर भरपाई कोण करणार, मी की दुसराच कोणी? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'दुसरा' असे आले, तर थोडा वेळ खर्च करणे आपल्यावर बंधनकारक आहे. त्याने घड्याळाकडे पाहिले, हसला आणि म्हणाला, "चला काका, दुपारपर्यंत शोधू."

प्रथम मीटरने प्रत्येक केबलमध्ये वीज आहे का ते पाहिले. या वेळी घरात वीज चालू आहे याची आधी खात्री केली! आठ केबलींत काही नाही. नवव्या केबलीत मात्र चक्क २३० व्होल्ट! अलार्मसाठी टाकलेल्या त्या नाजूक तारेवर मधल्या काळात कोणीतरी फाटकावरचा दिवा जोडून दिला होता. संध्याकाळपासून तो दिवा चालू राहिला होता आणि बंद करायचे कोणाच्या लक्षात आले नव्हते. एवढ्या बारीक तारेतून घरातली वीज नेणे धोक्याचे. आणि पोराने मघाशी हातात घेतलेली पक्कड याच जुडग्यावर चालणार होती. त्याचा चेहरा उतरला. मेन स्विच बंद करून ती जोडणी सोडवली, दिव्यासाठी वेगळी तार टाकायचे ठरले.

मग उरलेल्या आठांचा 'रेझिस्टन्स' मोजला. चार केबलींनी २२०० ओहमच्या आसपास आकडा दाखवला. पोराचे डोळे चमकले. म्हणाला, "काका, यांच्या टोकाला रेझिस्टर आहे! म्हणजे हे अलार्मचंच वायरिंग." खिडकीच्या चौकटीत काचेच्या बारीक नळीत दोन पात्या असतात. खिडकीच्या झडपेत चुंबक. खिडकी बंद असली की चुंबकामुळे पात्या चिकटलेल्या राहतात, खिडकी उघडली की सुटतात. मग काय, भाच्याच्या धाकट्या लेकाला कामाला लावले. तो एकेक खिडकी उघडायचा आणि ओरडायचा, "आजोबा, आता?" मीटरवरचा आकडा गेला की आम्ही ओरडायचो, "हीच!" हॉलची खिडकी, मागचे दार, बेडरूमच्या दोन खिडक्या. अर्ध्या तासात चारही सापडल्या. नावे लिहून प्रत्येकीला चिकटवली.

उरलेल्या चारांसाठी टोन जनरेटर काढला. तारेच्या एका टोकाला तो जोडला की तारेत एक बारीक सूर सोडतो. दुसऱ्या हातातला प्रोब भिंतीवरून फिरवायचा. तार जवळ आली की सूर वाढतो. दोन केबली हॉलच्या आणि जिन्याच्या वरच्या कोपऱ्यात रंगाखाली दडलेल्या सापडल्या. सेन्सरसाठी ठेवलेली जागा! एक बाहेर पागोळीखाली निघाली, तिथे हूटर बसणार होता. त्या बापड्या गृहस्थाने घर बांधतानाच सर्व तयारी करून ठेवली होती, फक्त अलार्म बसवायचे राहून गेले होते.

नववी मात्र सापडली नाही. सूर कंपाउंडच्या भिंतीपर्यंत गेला आणि तिथे विरला.

गप्प राहणारी तार आणि बोलणारी तार

चहा पिताना पोराने मला एक गोष्ट समजावून सांगितली. माझ्या वडिलांची घंटा आणि हा अलार्म यांत मूलभूत फरक आहे. साध्या घंटेची तार एरवी तुटलेलीच असते. बटन दाबले की ती जुळते आणि घंटा वाजते. त्यामुळे मध्ये कोणी तार कापली तर कळायला मार्गच नाही. सगळे ठीक असतानाही शांतता आणि तार कापलेली असतानाही शांतताच.

पहिला अलार्मही असाच होता. विजेवर चालणाऱ्या घरफोडीच्या गजराचे पेटंट अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सॉमरव्हिल येथील ऑगस्टस रसेल पोप यांनी १८५३ साली घेतले. आडनाव पोप असले तरी ते कॅथलिक नव्हते, युनिटेरियन पंथाचे पाळक होते! दार-खिडकी उघडली की त्यांच्या यंत्रात तार जुळे आणि घंटा वाजे. पुढे हे हक्क एडविन होम्स यांनी विकत घेतले आणि हा धंदा वाढवला. आमच्या खात्याशी संबंधित एक गंमत म्हणजे, १८७७ साली बोस्टनमध्ये टेलिफोन नवा असताना, होम्स यांच्याच गजरासाठी बँकांपर्यंत टाकलेल्या तारांवर टेलिफोन जोडून पाहिले गेले. एका कामासाठी कोणीतरी टाकलेली तार दुसऱ्याच्या कामी आली. कापून टाकली असती तर?

आजचा अलार्म वेगळा असतो. पॅनेल प्रत्येक तारेतून थोडीशी वीज सतत पाठवत राहते. टोकाचा तो छोटा रेझिस्टर ठरलेले उत्तर सतत देत राहतो, "मी आहे, सगळे ठीक आहे." खिडकी उघडली, कोणी तार कापली किंवा दोन तारा एकत्र चिकटवल्या तरी ठरलेले उत्तर बदलते आणि पॅनेल ओरडते. म्हणजे इथे शांतता ही खुशालीची खूण मानली जात नाही. उत्तर आले नाही हीच धोक्याची सूचना!

मी चहाचा कप हातात धरून बसून राहिलो. आपण घरात, नात्यात कोणत्या तारा टाकल्या आहेत? आई काही बोलत नाही, म्हणजे तिचे बरे चालले आहे. भाऊ फोन करत नाही, म्हणजे कामात असेल. शेजारची एकटी राहणारी मावशी दोन रविवार चर्चमध्ये दिसली नाही, मुलीकडे गेली असेल. शांततेचा अर्थ आपण आपल्या सोयीने लावतो. वडिलांची घंटा महिन्यातून एकदा जरी कोणी वाजवून पाहिली असती, तरी माझी चूक लग्नघरातच उघडी पडली असती. आईला जमिनीवर पडावे लागले नसते.

सांगून ठेवणे

आतापर्यंत मी नंतर येणाऱ्याच्या दोषाविषयी लिहिले. पण आधी गेलेल्याचा काहीच भाग नाही का? वडिलांनी घंटा बसवली, पण तारेवर चिठ्ठी लावली नाही. बंगला बांधणाऱ्याने नऊ केबली टाकल्या, पण कागदावर काही लिहिले नाही. त्यांना दोष देणे मला जड जाते. दोघेही प्रेमाने काम करत होते. पण खरे सांगायचे तर, त्यांनीही असेच गृहीत धरले की मी आहे, मला माहीत आहे, तेवढे पुरे. आपण कायम असणार, असे समजूनच आपण सगळे वागतो.

आपल्या गावांतली बावखले आठवा. वाडीला पाणी, विहिरींना गोडवा, पावसाचे पाणी जिरायला जागा हे सर्व त्या बावखलांमुळे होते. जुन्या माणसांना ते इतके उघड होते की सांगायची गरजच वाटली नाही. पुढच्या पिढीला दिसले ते शेवाळलेले पाणी आणि मोक्याची जागा. कित्येक बावखले बुजली. आता पाणी साचले, विहिरी मचूळ झाल्या की आपण म्हणतो, "आम्हांला माहीत नव्हतं." विचारायला आजोबा ओट्यावर बसलेले होते, आपण विचारले नाही, आणि त्यांनीही आपणहून सांगितले नाही.

विचारणे हे जसे मागून येणाऱ्याचे कर्तव्य, तसे सांगून ठेवणे हे पुढे जाणाऱ्याचे. एकाने जरी आपली बाजू सांभाळली असती, तरी माझी आई वाचली असती त्या रात्रीतून.

त्या दिवशी अलार्म संध्याकाळपर्यंत बसला. नवीन पॅनेल, पण बहुतेक तारा जुन्याच. भिंती फोडाव्या लागल्या नाहीत, खर्चही कमी झाला. भाच्याने बोटीवरून विचारले, "मामा, ती नववी तार कापली का?"

नाही कापली. तिची टोके वेगवेगळी टेपने गुंडाळून ठेवली आणि तिला एक चिठ्ठी बांधली. त्यावर सुनेच्या अक्षरात लिहिले आहे: "ऑक्टोबर २०२४. वीज नाही. कंपाउंडकडे जाते. दुसरे टोक सापडले नाही. कोणाला कळल्यास येथे लिहावे." झाकणाच्या आतल्या बाजूला बाकी आठ केबलींची यादीही चिकटवली आहे. कोणती कुठे जाते ते त्यात आहे. आपल्याला जे कळले ते लिहावे, आणि जे कळले नाही तेही लिहावे. पुढच्याला निदान आपले अज्ञान तरी प्रामाणिकपणे मिळावे.

आई २०१० साली गेली. जाण्यापूर्वी एकदा मी तिला सर्व सांगितले, तार मीच कापली म्हणून. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आधी सांगायचं नाही का? चार वर्षं मी त्याला झोपाळू समजत होते." आणि तिने भावाला हाक मारायला सांगितले.

तो आला. दोघे काय बोलले ते मी ऐकले नाही. मी बाहेर अंगणात उभा होतो. पण तेव्हा मला कळले की मी केलेली दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती. तार न विचारता कापली, हे अज्ञान होते. कापल्यावर चार वर्षे आईला सांगितले नाही, तेव्हा तर मला सर्व माहीत होते.

आज घरी गेल्यावर एक छोटेसे काम करा. स्विचबोर्डाजवळ उभे राहा आणि कोणते बटन कशाचे ते एका कागदावर लिहून चिकटवा. तुम्हांला ठाऊक आहे. तुमच्या मुलांना ठाऊक नाही. मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा आणि विचारा, "या घरात असं काय आहे, जे फक्त तुम्हांलाच माहीत आहे?" उत्तर ऐकायला वेळ हातात ठेवून बसा.